मोडून वाकडं जुळलेलं नाक : प्रस्तावना

चेहऱ्याच्या हाडांपैकी सर्वांत जास्त वेळा मोडतं ते नाकाचं हाड. ते पातळ असतं, पुढे आलेलं असतं, आणि तोंडावर पडणाऱ्या माणसाचं जमिनीला बहुधा तेच आधी लागतं. कबड्डीत पकड करताना चढाईवाल्याचा गुडघा बसतो. ओल्या रस्त्यावर दुचाकी घसरते आणि हेल्मेट फक्त कवटीपुरतं असतं. दहीहंडीचा थर कोसळतो आणि वरच्याची टाच खालच्याच्या तोंडावर येते. घोळणा फुटतो, सदरा भिजतो, थोड्या वेळाने रक्त थांबतं. घरातलं कोणी जाणतं माणूस बर्फ लावतं, हळद लावतं आणि धीर देतं, ‘मुका मार आहे, सूज उतरली की होईल बरोबर.’ सूज उतरते, दुखायचंही थांबतं. उरतं ते एका बाजूला झुकलेलं नाक आणि एक बंद नाकपुडी. मग तोंड उघडं टाकून झोपायची सवय लागते, सकाळी घसा कोरडा पडतो, जिना चढताना श्वास पुरत नाही. या सगळ्याचा त्या जुन्या माराशी संबंध आहे, हे कित्येकांच्या वर्षानुवर्षं लक्षातच येत नाही.

हे पुस्तक अशा नाकाबद्दल आहे. मोडलेलं, वेळेत न बसवलेलं, आणि आता वाकडंच जुळून घट्ट झालेलं नाक. ते सरळ करता येतं का, कधी करावं, शस्त्रक्रियेत नेमकं काय होतं आणि काय होऊ शकत नाही, हे रुग्णाला आणि तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांना समजेल अशा मराठीत सांगावं, एवढ्यासाठी ते लिहिलं आहे. ज्यांचं नाक याच आठवड्यात मोडलं असेल त्यांनी मात्र प्रस्तावना वाचत बसू नये. त्यांनी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावं आणि आल्यावर वाचावं, कारण त्यांच्या हाताशी अजून वेळ आहे आणि तो फार थोडा आहे.

या वेळेचं गणित आधी सांगतो. मार लागल्यावर पहिल्या काही तासांत नाक अजून सुजलेलं नसतं. तेव्हा कोणी अनुभवी माणसाने पाहिलं तर वाकडेपणा स्पष्ट कळतो. पुढचे दोन-तीन दिवस सूज सगळं झाकून टाकते. चौथ्या-पाचव्या दिवशी ती ओसरते आणि नाकाचा खरा आकार पुन्हा दिसू लागतो. मोठ्या माणसात साधारण 7 ते 10 दिवसांपर्यंत, फार तर दोन आठवड्यांपर्यंत, हाडाचे तुकडे सैल असतात. तेवढ्या काळात भूल देऊन, नाकपुडीत चिमटा किंवा उचलणी घालून, बाहेरून अंगठ्याने दाबून ते जागेवर बसवता येतात. कुठे कापावं लागत नाही, आणि काम बहुधा काही मिनिटांत होतं. लहान मुलांची हाडं लवकर धरतात, म्हणून त्यांच्या बाबतीत आठवडासुद्धा थांबू नये. ही मुदत टळली की तुकडे जिथे असतील तिथेच जुळतात. मग जे काम काही मिनिटांचं होतं ते तीन-चार तासांचं होतं, आणि तेही लगेच करता येत नाही. अपघात विभागाच्या कागदावर ‘चार दिवसांनी पुन्हा दाखवा’ असं लिहिलेलं असतं, पण चौथ्या दिवशी सूज उतरलेली असते, कामावर रजा नसते, आणि तो कागद खिशातच राहतो. या पुस्तकातल्या बहुतेक रुग्णांची गोष्ट त्या कागदापासून सुरू होते.

एक्स-रेबद्दलही इथेच लिहितो, कारण त्याच्यावर लोकांचा भलताच विश्वास आहे. ‘फोटोत फ्रॅक्चर नाही’ म्हणून निर्धास्त झालेले आणि ‘फोटोत फ्रॅक्चर आहे’ म्हणून घाबरलेले, दोन्ही प्रकारचे रुग्ण येतात. नाकाच्या एक्स-रेत जुने सांधे आणि रक्तवाहिन्यांच्या खुणा भेगांसारख्या दिसतात, खरी भेग कधी कधी दिसत नाही, आणि कूर्चा, म्हणजे नाकाचा मऊ, लवचीक भाग, तर दिसतच नाही. नाक बसवायचं की नाही हे डोळ्यांनी पाहून, बोटांनी चाचपून आणि नाकात डोकावून ठरतं. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्या फोटोला किंमत आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 116 मध्ये हाड मोडणं ही गंभीर दुखापत धरली आहे, आणि नाकाचं हाड त्याला अपवाद नाही. मारामारीतून आलेल्या रुग्णाचा एक्स-रे म्हणूनच काढावा लागतो. पण तो न्यायालयासाठी आहे, हे लक्षात ठेवून उपचार ठरवावेत.

आता पडद्याकडे वळतो, कारण या पुस्तकाचं खरं मध्यवर्ती पात्र तो आहे. बाहेरून दिसणाऱ्या नाकाचा फक्त वरचा तिसरा हिस्सा हाडाचा असतो. खालचा सगळा भाग कूर्चेचा. आणि दोन नाकपुड्यांच्या मध्ये जो पडदा उभा असतो, पुढे कूर्चेचा आणि मागे हाडाचा, त्याच्यावर हे सगळं छत तोललेलं असतं, मंडपाच्या मधल्या खांबावर कापड तोलावं तसं. हाड मोडलं की बाहेरून दिसतं. पडदा मोडला की दिसत नाही. तो मधूनच दुमडतो, एका बाजूला सरकतो, खालच्या हाडाच्या खाचेतून निसटतो, आणि पुढच्या आठवड्यांत त्या अवस्थेतच घट्ट होतो. वरची हाडं बसवली आणि आतला पडदा वाकडाच राहिला, तर नाक हळूहळू पुन्हा वाकतं. पडदा जिकडे जाईल तिकडे नाक जाईल, असं सर्जन मंडळी एकमेकांना सांगत आली आहेत, आणि माझा सगळा अनुभव त्याला दुजोरा देतो. आपल्याकडे बंद नाकपुडीचा माणूस ‘माझं नाकाचं हाड वाढलंय’ असं सांगतो. वाढलेलं सहसा काही नसतं. पडदा वाकलेला असतो, आणि लहानपणी लागलेल्या एखाद्या माराची आठवण नीट विचारल्यावर निघते.

पडद्याच्या बाबतीत एक धोका असा आहे की तो प्रत्येक आईवडिलांना, प्रत्येक क्रीडाशिक्षकाला माहीत असायला हवा. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्या दोन्ही अंगांना जे पातळ आवरण चिकटलेलं असतं त्यातून तिला पोषण मिळतं. मार लागल्यावर कधी कधी त्या आवरणाखाली रक्त साठतं आणि आवरण कूर्चेपासून सुटतं. दोन्ही नाकपुड्या गच्च बंद होतात, आत पाहिलं तर लालसर-जांभळट, बोटाने दाबली जाणारी मऊ सूज दिसते. ती ओळखून त्याच दिवशी चीर देऊन रक्त काढलं तर फारसं काही बिघडत नाही. राहू दिलं तर तीन-चार दिवसांत कूर्चा मरायला लागते, तिथे पू होतो, आणि नाकाचा मधला भाग खाली बसतो. खोगिरासारखा खोलगट झालेला तो आकार पुढे आयुष्यभर राहतो, आणि मुलाच्या वाढत्या वयात हे घडलं तर नाकाची वाढच खुंटते. कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकांनी तालमीतल्या पैलवानांचे गोळा झालेले कान पाहिले असतील. तेही नेमकं असंच घडतं. कुस्तीत कान घासून, चेंबून कूर्चा आणि आवरण यांच्यामध्ये रक्त साठतं. कान तेवढ्याने जाडजूड होऊन राहतो. नाकाला मात्र आतून आधार द्यायला दुसरं काही नसतं, म्हणून ते कोसळतं. मुलाचं नाक आपटल्यावर दोन्ही बाजू बंद झाल्या, तर रात्र जाऊ देऊ नका. मार लागल्यावर नाकातून पाण्यासारखं पातळ, न थांबणारं काही गळत असेल, तर तेही दुसऱ्या दिवसावर ढकलू नका, कारण ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं.

वाकडं जुळलेलं नाक घेऊन येणारा माणूस सुरुवातीला फक्त श्वासाबद्दल बोलतो. दिसण्याबद्दल बोलायची त्याला लाज वाटते. पुरुषांना तर फारच. बराच वेळ बोलणं झाल्यावर, उठता उठता, ‘आणि थोडं सरळ दिसेल का हो?’ असं हळूच विचारलं जातं. मला या पुस्तकात जे एकच म्हणणं ठासून मांडायचं आहे ते या प्रश्नाविषयी आहे. अपघाताने बदललेला आपला चेहरा परत मिळावा असं वाटणं हे नटणं-मुरडणं नव्हे. जळालेल्या हाताची कातडी पूर्ववत व्हावी असं वाटण्याइतकंच ते साधं आहे. शिवाय शरीराने या दोन गोष्टी वेगळ्या ठेवलेल्याच नाहीत. पडदा आणि वरची बाजूची कूर्चा यांच्यामध्ये नाकाच्या आत एक फट असते. तिचा कोन जेमतेम 10 ते 15 अंशांचा असतो आणि श्वासाच्या वाटेतली ती सर्वांत अरुंद जागा. बाहेरून नाकाचा मधला भाग चेपलेला दिसतो तेव्हा आत हीच फट मिटलेली असते. गालाची त्वचा बोटाने बाहेर ओढली की काही जणांना एकदम मोकळा श्वास येतो, आणि आपलं काय बिघडलंय हे तेव्हा त्यांना पहिल्यांदा कळतं. आकार सुधारल्याशिवाय इथला श्वास सुधारत नाही, आणि श्वासाचा विचार न करता आकाराला हात घातला तर नाक दिसायला बरं आणि चालायला वाईट होतं.

बर्लिनच्या जाक जोसेफ यांची हकिकत म्हणून मला महत्त्वाची वाटते. ते मुळात अस्थिरोगाचे डॉक्टर. 1896 मध्ये त्यांनी एका मुलाचे पुढे आलेले कान शस्त्रक्रिया करून मागे घेतले, आणि असलं काम करतो म्हणून त्यांना रुग्णालयातली जागा सोडावी लागली. दोन वर्षांनी, 1898 मध्ये, एका माणसाचं फार मोठं नाक त्यांनी लहान केलं. तो माणूस नाकापायी चारचौघांत जायचं टाळत असे. जोसेफ यांनी बर्लिनच्या डॉक्टरांसमोर उभं राहून सांगितलं की मनाला होणारा हा त्रास हेही शस्त्रक्रियेचं पुरेसं कारण आहे. नाकपुडीच्या आतून छोट्या करवतीने हाड सुटं करून ते हलवण्याची जी रीत त्यांनी पुढे घालून दिली, तिच्यावरच आजची वाकड्या नाकाची शस्त्रक्रिया उभी आहे. करवतीची जागा आता 2-3 मिलिमीटरच्या छिन्नीने घेतली, एवढंच.

वाकड्या नाकाने कोणाचं काही अडत नाही असं म्हणणाऱ्यांसाठी मायकेलअँजेलोचं उदाहरण आहेच. फ्लॉरेन्समध्ये शिकत असताना, मिसरूडही नीट न फुटलेल्या वयात, पिएत्रो तोरीजानो नावाच्या सहाध्यायाने ठोसा मारून त्याचं नाक फोडलं. तोरीजानोने हे स्वतः बेन्व्हेनुतो चेल्लिनीला सांगितलं, आणि चेल्लिनीने ते आत्मचरित्रात लिहून ठेवलं. मायकेलअँजेलो 88 वर्षं जगला, त्याच्या सगळ्या व्यक्तिचित्रांत आणि दानिएले दा व्होल्तेर्राने केलेल्या मुखशिल्पात ते चपटं नाक दिसतं. त्याने त्या नाकासकट काय काय घडवलं ते जगाला ठाऊक आहे. कोणी आपल्या मोडक्या नाकासह समाधानाने जगत असेल, श्वास नीट येत असेल, तर त्याला शस्त्रक्रियेची गरज नाही, आणि कोणी नातेवाइकांनी त्याच्या मागे लागू नये. निर्णय ज्याचं नाक त्याचा.

नाकाच्या शस्त्रक्रियेचा विषय निघाला की मराठी माणूस दोन नावं घेतो, सुश्रुत आणि पुणे. दोन्ही खरी आहेत. 1794 च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये एक पत्र छापून आलं. इंग्रजी फौजेत बैल हाकणारा कावसजी 1792 च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला, त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराने पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवं नाक तयार केलं. टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन डॉक्टरांनी ते पाहिलं. तो मजकूर वाचून लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू यांनी 1814 मध्ये तशी शस्त्रक्रिया केली, 1816 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं, आणि ही विद्या युरोपात पसरली. त्या पुण्याच्या माणसाचं नाव कोणी टिपून ठेवलं नाही, याची मला कायम हळहळ वाटते.

पण कापलेलं नाक आणि मोडलेलं नाक हे दोन निराळे आजार आहेत. कावसजीचं आवरण गेलं होतं. आपल्या रुग्णाचं आवरण शाबूत असतं, आतला सांगाडा बिघडलेला असतो. सुश्रुताने मोडलेल्या नाकाबद्दलही लिहिलं आहे, ते चिकित्सास्थानातल्या भग्नांच्या तिसऱ्या अध्यायात. कापलेल्या नाकाच्या कीर्तीपुढे त्या ओळींकडे कोणाचं लक्ष जात नाही. नाक बसलं असेल किंवा वळलं असेल तर शलाकेने ते सरळ करावं, दोन्ही नाकपुड्यांत दोन तोंडांच्या नळ्या घालाव्यात, वरून पट्टा गुंडाळावा आणि तुपाचं सिंचन करावं, असं तिथे सांगितलं आहे. आतून उचलायचं, आतून आधार द्यायचा, बाहेरून बांधायचं, आणि हे सगळं करताना श्वासाची वाट उघडी ठेवायची. पोकळ नळी घालायला सांगणाऱ्या त्या माणसाला श्वासाचं महत्त्व कळलेलं होतं. मोडलेल्या नाकाच्या उपचारांत आजही क्रम हाच आहे, साधनं बदलली.

हे ज्ञान एकट्या आपल्याकडेच होतं असं मात्र नाही. एडविन स्मिथ याने 1862 मध्ये लक्सरला विकत घेतलेल्या इजिप्तच्या प्राचीन पपायरसात, जो सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी उतरवला गेला, 11 ते 14 या क्रमांकांचे रुग्ण नाकाचे आहेत. मोडलेलं नाक जागेवर आणावं, नाकपुडीतले रक्ताचे गोळे लिननच्या बोळ्यांनी काढावेत, मग तुपकट केलेले बोळे आत आणि लिननच्या घट्ट गुंडाळ्या बाहेर ठेवाव्यात, असं त्यात आहे. ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या सांध्यांवरच्या ग्रंथात मोडक्या नाकावर डौलदार पट्ट्या बांधून मिरवणाऱ्या वैद्यांना खडसावलं आहे, आणि नाक दहा दिवसांत जुळतं तेव्हा लगेच बसवा असं बजावलं आहे. दहा दिवस! आपण आज जे रुग्णाला सांगतो तेच. तीन देशांतल्या माणसांनी आपापल्या परीने पाहून एकच गोष्ट ओळखली, आणि तरीही रुग्ण आजही मुदत उलटल्यावरच येतो.

महाराष्ट्रात या विद्येचा अलीकडचा मोठा माणूस म्हणजे डॉ. नोशीर अंटिया. इंग्लंडमध्ये हॅरॉल्ड गिलीज यांच्या हाताखाली शिकून आलेले अंटिया पुण्याजवळच्या कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात आणि नंतर मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात काम करत राहिले. कुष्ठरोगात नाकाची कूर्चा आतून नष्ट होते आणि नाक खाली बसतं. ते नाक वर आलं की माणसाला गावात परत घेतलं जाई. दिसण्याच्या शस्त्रक्रियेला चैन म्हणणाऱ्यांनी हा इतिहास आवर्जून वाचावा.

आता प्रत्यक्ष शस्त्रक्रियेबद्दल थोडं. सविस्तर पुढे आहेच. नाक जुळून घट्ट झाल्यावर घाई करून चालत नाही. आतले व्रण मुरून मऊ व्हावे लागतात, म्हणून सहा महिने ते वर्षभर थांबावं लागतं. मुलांच्या बाबतीत पडदा हेच नाकाच्या वाढीचं केंद्र असल्यामुळे, श्वास फारच कोंडत नसेल तर, मुलीचं वय पंधरा-सोळा आणि मुलाचं सोळा-सतरा होईपर्यंत वाट पाहतात. पहिल्या भेटीला येताना जुने फोटो आणा, असं मी प्रत्येकाला सांगतो. शाळेच्या ओळखपत्रावरचा, बहिणीच्या लग्नातला, समोरून आणि बाजूने काढलेला, कोणताही. नाक आधीपासूनच थोडं वाकडं होतं का, चेहऱ्याची एक बाजू मुळातच लहान आहे का, हे त्यातून कळतं. चेहरा असमान असेल तर अगदी रेषेत आणलेलं नाकही तिरकं दिसू शकतं, आणि हे आधी बोललेलं बरं.

शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन होते. दोन नाकपुड्यांच्या मधल्या दांडीवर छोटी चीर देऊन त्वचा वर उचलली की सगळा सांगाडा समोर दिसतो. गुंतागुंतीच्या वाकड्या नाकात मी हीच रीत पसंत करतो, कारण आंधळेपणाने काम करावं लागत नाही. चिरेची खूण बहुधा शोधावी लागते. आधी पडदा. तो चारही बाजूंनी सुटा करून, वाकलेला भाग काढून किंवा सरळ करून मधोमध आणायचा. एके काळी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, वाकलेला पडदा सढळ हाताने कापून टाकत, आणि काही वर्षांनी ती नाकं खचत. त्यावरून शहाणपण आलं. आता पुढची आणि वरची मिळून काटकोनी पट्टी, किमान 1 सेंटिमीटर रुंदीची, राखलीच जाते, तिच्यावरच नाक उभं राहतं. मग दोन्ही बाजूंच्या हाडांना छिन्नीने ठरलेल्या जागी मोजून काप देऊन ती पुन्हा मोडायची. होय, पुन्हा मोडायचीच, यावेळी आपल्याला हव्या त्या रेषेत. मिटलेली फट उघडायला पडद्याच्या दोन्ही अंगांना कूर्चेच्या बारीक पट्ट्या शिवतात. 1984 मध्ये अमेरिकेतल्या जॅक शीन यांनी ही युक्ती मांडली, आणि माझ्या मते गेल्या अर्धशतकात मोडक्या नाकाच्या रुग्णाला तिच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचाही झाला नाही. लागणारी कूर्चा शक्यतो पडद्यातूनच घेतात, नाही पुरली तर कानामागून, आणि नाक पार खचलेलं असेल तर बरगडीतून.

कूर्चेला एक खोड आहे. वर्षानुवर्षं वाकलेली कूर्चा सरळ केली तरी जुन्या वळणाकडे परतू पाहते. वाकड्या नाकाची दुरुस्ती ही नाकाच्या शस्त्रक्रियांमधली सर्वांत अवघड मानतात ती यामुळेच. काही रुग्णांना दुसऱ्यांदा टेबलावर यावं लागतं. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पडद्याला भोक पडून श्वासाबरोबर शिटी वाजणं, शेंड्याला काही महिने बधिरपणा, हे सगळं होऊ शकतं, आणि त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. नाकावर आठवडाभर साचा राहतो, डोळ्यांखालचं काळंनिळं उतरायला दोन आठवडे लागतात. चष्म्याचा भार काही आठवडे नाकावर नको. खरा आकार दिसायला वर्ष जातं, शेंड्याची सूज सर्वांत शेवटी उतरते. दोन महिन्यांनी आरशासमोर निराश होऊन बसलेल्या रुग्णाला मी हे पान उघडून द्यावं म्हणून ते मोठ्या अक्षरात छापायला सांगितलं आहे. श्वासातला फरक मोजायला 2004 पासून पाच प्रश्नांची एक सोपी प्रश्नावली जगभर वापरतात. नाक चोंदणं, अडणं, श्वास घ्यायला त्रास, झोपेत अडचण, श्रम करताना हवा न पुरणं, प्रत्येकाला शून्य ते चार गुण. ती मराठीत करून पुस्तकात दिली आहे. शस्त्रक्रियेआधी आणि नंतर स्वतः भरून पाहा.

एका प्रकरणाबद्दल मला काही वाचकांनी हस्तलिखित पाहून विचारलं की शस्त्रक्रियेच्या पुस्तकात हे कशाला. ते प्रकरण घरात मार खाणाऱ्या बायकांबद्दल आहे. ‘दार लागलं’, ‘न्हाणीघरात पाय घसरला’ असं सांगत त्या येतात, बरोबर नवरा किंवा सासू असते आणि बोलण्याचं काम तीच माणसं करतात. नाक पूर्वीही एकदा मोडलेलं असतं. अशा वेळी डॉक्टरने बाईला एकटीला आत घेऊन, दार लावून, साध्या शब्दांत विचारलंच पाहिजे, आणि ती जे सांगेल ते तिच्या परवानगीने नीट लिहून ठेवलं पाहिजे. नाक सरळ करून तिला त्याच घरात परत पाठवणं हा अर्धा उपचारसुद्धा नाही. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी मिळून सुरू केलेलं ‘दिलासा’ केंद्र रुग्णालयाच्या आतच अशा बायकांचं ऐकून घेतं, त्यांना कायद्याची वाट दाखवतं. तसं केंद्र जवळ नसेल तर 181 हा महिलांसाठीचा मदत क्रमांक आहे. हे प्रकरण मी काढणार नाही, आणि तालुक्याच्या डॉक्टरांनी निदान एवढं एक प्रकरण वाचावं अशी माझी हात जोडून विनंती आहे.

खर्चाचं प्रकरण छोटं आहे पण कामाचं आहे. आरोग्य विम्यात दिसण्यासाठीच्या शस्त्रक्रियेला पैसे मिळत नाहीत, हे ऐकून लोक अर्जच करत नाहीत. पॉलिसीतला तो नियम पुढे वाचला तर अपघात, भाजणं किंवा कर्करोग यानंतरच्या पुनर्रचनेला तिथेच सूट दिलेली असते. मात्र नाक अपघातानेच मोडलं हे कागदावर दिसलं पाहिजे. पहिल्या दिवशीचा केसपेपर, पोलिसांकडे नोंद झाली असेल तर त्याची प्रत, सुजलेल्या चेहऱ्याचा तारखेसह मोबाइलवर काढलेला फोटो, एवढं जपून ठेवा. ज्यांच्याकडे विमा नाही त्यांनी ससून, केईएम, शीव, जे. जे. अशा सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत चौकशी करावी. तिथे कान-नाक-घसा आणि प्लास्टिक सर्जरी असे दोन्ही विभाग आहेत.

पुस्तकातली छायाचित्रं माझ्या रुग्णांची आहेत. प्रत्येकाने लेखी परवानगी दिली, आणि नाव-गाव न देण्याची अट मी पाळली आहे. प्रत्येक चेहरा समोरून, दोन्ही कडांनी, दोन्ही तिरक्या बाजूंनी आणि खालून अशा सहा कोनांतून दाखवला आहे, शस्त्रक्रियेआधी आणि वर्ष उलटल्यावर, त्याच प्रकाशात. त्यांत फक्त चांगली झालेली नाकं निवडलेली नाहीत. काहींचा थोडा तिरकेपणा उरला, एकीला दुसऱ्यांदा यावं लागलं, एकाचा श्वास मोकळा झाला पण शेंडा अजून जाडच आहे. तेही फोटो छापू द्या, असं त्यांनीच सांगितलं, आणि त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.